बिजलीच्या कपाळावरचं बोट

वंदे, तुझ्या तेरवीला मी आले नाही. आपल्या संघाच्या पोरीही आल्या नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे तू वर बसून कोण आलं, कोण नाही याची हजेरी घेत असशील, तर आमच्या नावांपुढे फुली मार आणि मोकळी हो. मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही. तू नाहीस याचं वाटतं, लय वाटतं, पण ते वेगळं. त्याची नि याची गल्लत मी करू देणार नाही, तुलासुद्धा.

तुझ्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला होता. आम्ही तेव्हा पुण्यात, रोबोट स्पर्धेच्या राज्य फेरीच्या त्या हॉलबाहेर, पायऱ्यांवर डबे उघडून बसलो होतो. "मंदाबाई, तुमचं पान वाढून ठेवलं व माय. सारी शाळा आली, तुमीच नाई. जल्माची जोडी म्हने तुमची, अन् गोड घासाले तुमी नाई?" मी म्हटलं, "ताई, पान झाकून ठेवा. तुमच्या वंदनाचंच काम करून राह्यलो आमी इकडं." त्यांनी फोन आपटला. आपटू दे. तुझ्या सासरच्या माणसांनी माझ्यावर फोन आपटण्याची ही काही पहिली वेळ नाही.

हसू नको. मला माहीत आहे तू कशाला हसतेस. मी मराठीची मास्तरीण, फळ्यावर प्रमाण आणि भांडणात वऱ्हाडी. तू म्हणायचीस, "मंदे, तुले राग आला का तू खरं बोलतं." म्हणून हे रागातच लिहितेय.

ते रोबोटचं खोकं आपल्या मलकापूरच्या शाळेत आलं तेव्हा सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहून फोटो काढला, आणि खोकं गेलं कपाटात. महागाची वस्तू, पोरी मोडतील, म्हणून वर कुलूप. तू विज्ञानाची शिक्षिका, मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिलीस आणि किल्ली मिळेपर्यंत हललीच नाहीस. मग ती किल्ली तुझ्या पदराला आली ती कायमची. "मोडलं तर पोरी दुरुस्त कराले शिकतीन," तू म्हणालीस, "कुलपात काय शिकतीन, गंजाले?" मुलींचा संघ, म्हणून सोबत दुसरी शिक्षिका हवी होती. तू मला न विचारता माझं नाव दिलंस. मी म्हटलं, बाई गं, मला मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही. तर म्हणे, "तू नुसती बस अन् ओरड. तेवढं तुले जमते."

सरावाला मैदान हवं होतं. छापील चटई आणायची कुठून? तू निवडणुकीतला जुना फ्लेक्स मागून आणलास. मागची बाजू कोरी पांढरी, तीवर काळ्या चिकटपट्टीनं रेघा. खाली नेते हात जोडून पालथे, वर आपला रोबोट गुरगुरत फिरतोय. त्याचं काम तसं साधं होतं. समोरचा ठोकळा उचलायचा, लाल, हिरवा की निळा ते ओळखायचं आणि त्या त्या रंगाच्या डब्यात नेऊन टाकायचा. रंग ओळखणारा त्याचा डोळा म्हणजे पुढच्या पत्र्याखाली बसवलेला एक बारीक सेन्सर. पायल रोबोट चालवायची, सानिया त्याचा प्रोग्राम लिहायची, बाकीच्या पोरी नटबोल्ट आवळायच्या. नाव पायलनं ठेवलं, बिजली. तिच्या घरच्या शेळीचं नाव. तीही म्हणे एका जागी उभी राहत नाही.

आणि आपलं भांडण तिथंच सुरू झालं. स्पर्धेत परीक्षकांपुढे पोरींना बोलावं लागतं. मी म्हटलं, मी त्यांच्याकडून चांगली शुद्ध वाक्यं पाठ करून घेते. तू म्हटलंस, "काऊन? त्यायनं बिजली काय शुद्ध भाषेत जोडली?" मी म्हटलं, वंदे, पुण्यामुंबईची पोरं येतात तिथं, आपल्या पोरींनी 'जाऊन राह्यलो' म्हटलं की हसतात. तू म्हटलंस, "हसू दे. दात पाह्यजो त्यायचे, मोजून ठेवजो." तीनतीनदा चहा झाला तरी हा वाद मिटला नाही. मी पाठ करून घ्यायची आणि तू मधल्या सुट्टीत येऊन विसरायला सांगायचीस. अशी मैत्रीण वैऱ्यालाही मिळू नये.

आता कुंकवाचं. ते लिहिल्याशिवाय सुटका नाही.

खंडेनवमीला आपल्या शाळेत शिवणयंत्रापासून घंटेपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि दरवर्षी तू प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून भाषण द्यायचीस, यंत्राले तेल घाला, कुकू कायले घालता. त्या दिवशीही दिलंस. दसरा झाला की लगेच अमरावतीला विभागीय फेरी, म्हणून बिजली टेबलावर, शेजारी तिला भरायचं खोकं. मुख्याध्यापक सवयीनं म्हणाले, "कोणी सवाष्ण बाई पुढे या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि तू एक पाऊल मागे सरकलीस. कोणी सांगितलं नव्हतं, आपली आपणच. भाऊजी गेल्यापासून जिथं जिथं कुंकवाची कोयरी निघाली, तिथं तिथं तू अशीच सरकायचीस. अख्ख्या संस्थेशी भांडणारी बाई तू, आणि त्या बोटभर कुंकवापुढे गप्प. त्या एका पावलाचा मला अजून राग येतो. तुझा नाही, ज्यांनी तुला ते पाऊल शिकवलं त्यांचा.

पायलनं माझ्या हातातली कोयरी घेतली आणि तुझ्यापुढे धरली. "मॅडम, तुमी लावा. बिजली तुमची हाये."

"मले कायले व? मंदा मॅडम आहेत ना."

"नाई. तुमीच."

मुख्याध्यापक छताकडे पाहायला लागले. तेवढ्यात सानिया वैतागून म्हणाली, "मॅडम, लगाओ ना, पॅकिंग बाकी है!" सगळे हसले, आणि त्या हसण्यात तुझं बोट कोयरीत गेलं. चिमूटभर पुरतं गं बाई, तू केवढं घेतलंस! बिजलीच्या पुढच्या पत्र्यावर खिळा ठोकावा तसं दाबलंस. इतक्या वर्षांचं राहिलेलं एकदम लावून टाकलंस की काय, कोण जाणे. "झालं समाधान?" म्हणालीस पोरींना, पण डोळे भरले होते तुझे. मी पाहिलं. तू पाहिलंस की मी पाहिलं.

मग बिजली खोक्यात, खोकं एसटीत, आणि मलकापूर ते अमरावती आपले रस्ते! मांडीवर आडवं धरलेलं ते खोकं किती आपटलं त्याला हिशेब नाही. दुसऱ्या दिवशी बिजली मैदानात उतरली आणि तिनं हिरवा ठोकळा उचलून लाल डब्यात टाकला. निळाही लाल डब्यात. लाल तर लाल डब्यातच. शेजारच्या संघातली पोरं खो खो हसायला लागली. पायल रडवेली. तू जमिनीवर गुडघे टेकलेस, सानियानं मोबाइलची बॅटरी मारली आणि पत्र्याखाली डोकं घालून म्हणाली, "मॅडम, अंदर कुंकू है. पूरा लाल दिख रहा उसको." आणि तू हसलीस. बाप्पा, काय हसलीस! त्या हॉलमध्ये सगळे वळून पाहायला लागले. मी तुझ्या कानाशी लागले, "धूळ होती म्हण, धूळ." तू उठलीस, सरळ परीक्षकाकडे गेलीस आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "कुकू पडलं सर सेन्सरवर. पूजेचं. म्याच लावलं होतं. पुसून घेतो अन् पुढच्या फेरीत येतो." पोरींनी कान कोरायच्या कापसाच्या काडीनं बिजलीचा डोळा पुसला. उरलेल्या दोन फेऱ्या तिनं अशा काही मारल्या, की राज्य फेरीला जाणाऱ्या संघांत अगदी शेवटचं नाव आपलं लागलं. येताना एसटीत पोरी गाणी म्हणत होत्या आणि आपण दोघी धूळ की कुंकू यावर भांडत होतो.

पण गावात गोष्ट पोचली ती उलटी होऊन. निवड झाली हे कोणी बोलेना. बोलायचं काय, तर विधवा बाईनं कुंकू लावलं म्हणून यंत्र आंधळं झालं. स्टाफरूममध्ये कुजबुज, भाजीबाजारात कुजबुज. संस्थेचे अध्यक्ष तर हसत हसत तुझ्या तोंडावर म्हणाले, "मॅडम, पुढच्या टायमाले एखाद्या सवाष्णीकडून लावून घ्या, म्हणजे लोकायले बोलाले जागा नाही." मी तोंड उघडणार, तर तू माझा हात दाबलास. मला वाटलं, झालं, बाई पुन्हा एक पाऊल मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला, सगळी शाळा ओळीत उभी असताना, तू टेबल मांडलंस. वर बिजली आणि तीन वाट्या. एकीत माझ्या देवघरातलं कुंकू, एकीत अध्यक्षांच्या घरून पायलनं मागून आणलेलं, आणि तिसरीत तू स्वतःच्या चिमटीनं टाकलेलं. एकेक वाटी बिजलीच्या डोळ्यापुढे धरलीस आणि सानियाला बिजलीच्या पडद्यावरचा शब्द मोठ्यानं वाचायला लावलास. "लाल." "लाल." "लाल." मग तू सगळ्यांकडे वळलीस. "पाह्यलं? सेन्सरले नवरा दिसत नाही. रंग दिसतो. कोनाचंही कुकू पडलं असतं तरी बिजली अशीच चुकली असती. प्रश्न?" एकही हात वर झाला नाही. "मंग राष्ट्रगीत," तू म्हणालीस.

वंदे, त्या दिवशी मी तुला काय म्हटलं आठवतं? "चल, चहा गार झाला." एवढंच. खरं तर मला तुझ्या पायाशी बसून रडायचं होतं. आपल्यात ती पद्धत नव्हती. पण यंदाच्या संक्रांतीला माझ्या घरच्या हळदीकुंकवात पहिलं बोट तुला लावायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर "भोगीची भाजी खाऊ घाल, कुकू राहू दे" म्हणून माझ्याशी भांडली असतीस, आणि मी जिंकले असते. एवढं एक भांडण मी जिंकणार होते, तर तू त्याआधीच निघून गेलीस. हे बरं नाही केलंस.

पत्र्यावरचं ते बोट तू पुसू दिलं नव्हतंस. "राहू दे. फक्त सांडू नये असं करा." पोरींनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, कडा नखानं दाबून दाबून. नंतर कित्येकदा पाहिलं मी, तू बिजली उचलताना तुझा अंगठा जाता जाता तिथून फिरायचा.

तू गेलीस त्याच आठवड्यात बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, संस्थेवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, राज्य फेरी नेमकी तेरवीच्या दिवशी आहे, यंदा माघार घेऊ, शोभून दिसेल. सगळ्या माना हलल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् मंदा मॅडम, त्या यंत्रावरचं ते कुंकू आता पुसून घ्या. आता तर बाईच राह्यली नाही. लोकायच्या मनात येते."

मी उठले. म्हटलं, "साहेब, दुखवटा पाळायचा तर शाळा बंद ठेवा, मी हूं का चूं करणार नाही. पण माघारीचा अर्ज मी लिहिणार नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून या संस्थेचा कागद न् कागद मी लिहिला. हा तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात."

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना नाही, राग हाये हा," म्हटलं, आणि माझी जीभ घसरलीच. "अन् कुकवाले कोनं हात लावला तं पाह्यजा. तिनं जितेपनी तुमचं ऐकलं नाई, मेल्यावर कायले ऐकन? अन् मी तं मेली नाई अजून." तू असतीस तर टेबलाखालून पाय दाबला असतास, पुरे म्हणून. कोणी दाबला नाही, म्हणून आणखी बोलले. ते इथं लिहीत नाही.

पण संस्थेपेक्षा अवघड निघाले पायलचे बाबा. भला माणूस, तुझ्यावर जीव त्यांचा. शाळेच्या फाटकाशी मला म्हणाले, "मॅडमच्या तेरवीले पोरगी नाई गेली तं लोक काय म्हनतीन मॅडम? आमी त्यायचं मीठ खाल्लं." दुसरी कोणी बिजली चालवू शकत नव्हती. पायल न आली तर सगळं तिथंच संपत होतं. एवढ्यात सानियाची आई आली, बुरख्यावर धूळ, हातात पोरीची बॅग. प्रवास दोन दिवसांनी होता, बॅग आताच आणली होती बाईनं. "मॅडम बोल के गई थी, जाना है. तो जाना है. मेरी तो जाएगी," असं म्हणून तिनं बॅग माझ्या हातात कोंबली. पायलचे बाबा तिच्याकडे पाहत राहिले, मग बॅगेकडे. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग आमचीच काऊन राहीन?" म्हणाले.

गाडीत खोकं आम्ही उभं धरलं, पाळीपाळीनं. बिजलीला कोणी आडवं होऊ दिलं नाही.

पुण्यात मैदानात उतरण्याआधी प्रत्येक रोबोटची तपासणी होती. मी पायलला वाक्य देऊन ठेवलं होतं, हो, दिलंच होतं, 'हे आमच्या दिवंगत मार्गदर्शक शिक्षिकांचे स्मृतिचिन्ह आहे'. गाडीभर घोकून घेतलं होतं तिच्याकडून. तपासणीच्या बाई चष्मा डोक्यावर चढवून बिजलीवर वाकल्या आणि विचारलं, "हे लाल काय आहे? सजावट चालत नाही. आणि पावडर सांडली तर चटई खराब होईल. पुसून टाका."

पायलनं माझ्याकडे पाहिलं. वाक्य तिच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. मग तिनं ते गिळलं.

"नाई पुसत," ती म्हणाली. "सांडत नाई थे, वरून टेप लावेल हाये. आमच्या मॅडमचं बोट हाये थे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पायलनं मान वळवून त्या पोराचे दात नीट पाहून घेतले. तुझीच शिकवण.

"बरं, मग बोलवा तुमच्या मॅडमना," बाई म्हणाल्या.

सगळ्या पोरी माझ्याकडे वळल्या. मराठीची मास्तरीण मी, मनात शुद्ध वाक्य जुळवत राहिले. पायलच बोलली. "घरी त्यायची तेरवी सुरू हाये आज. पन त्यायनंच आमाले इकडं पाठवलं."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, टेपच्या कडेवरून नख फिरवलं, कुठं काही सुटलंय का ते पाहिलं. "सैल नाहीये," म्हणाल्या आणि कागदावर सही केली. "जा. उतरवा तिला."

पहिल्या आलो नाही, वंदे. दुसऱ्याही नाही. एक निळा ठोकळा हातातून निसटला, आणि मोठ्या शाळांची यंत्रं अशी पळत होती की पाहत राहावं. पण बिजलीनं लालला लाल म्हटलं आणि हिरव्याला हिरवं, एकदाही चुकली नाही. शेवटचा ठोकळा लाल होता. तो डब्यात पडला तेव्हा तिकडं तुझ्या दारात बुंदीची पंगत बसली असेल. इकडं पोरींनी एवढी बोंब ठोकली की पंगतीत ऐकू गेली असती. भाषेचं भांडण तू जिंकलीस, जा. पण लेखी देणार नाही.

रात्री ताईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "बुंदी ठेवली हाये पोरीसाठी. येताना घेऊन जा." आणि यावेळी फोन हळू ठेवला.

अध्यक्षांनी चौकात स्वागताचा फ्लेक्स लावलाय. त्यात पोरींचे फोटो लहान, त्यांचा मोठा. लागू दे. उतरला की मागून घेणार आहे, मागची बाजू कोरी असते आणि पुढच्या वर्षी सराव आहेच. रथसप्तमी अजून व्हायची आहे, तोवर माझ्या घरी हळदीकुंकू होईल. कोण सवाष्ण, कोण नाही, दारात विचारणार नाही. ताईंना पहिलं बोलावणं आहे. त्यांच्याही कपाळावर कधीपासून काही नाही.

काल अध्यक्षसाहेबांचा निरोप आला, बिजलीला ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचं, पाहुणे येतात, तेव्हा पत्रा जरा स्वच्छ पुसून द्या. मी बिजली प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ताईंनी बुंदीच्या डब्यासोबत तुझ्या पदराची किल्ली दिली होती. ती आता माझ्या पदराला आहे.

पोरींनी मागितली की मिळेल. बाकी येऊ दे कोणाला पुसायला.